वडिलांच्या नावाचा रकाना

लेटरकेनी, आयर्लंड
२१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री अमावास्या

चि. पद्माकर यास,

वृंदाताईचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. मृणालिनी आणि चि. यशोधन खुशाल असतील. मी सुखरूप पोचल्याचं स्वरांगीने फोनवर कळवलंच आहे. आज अमावास्या, तू बाबांचं पान वाढलं असशील. इथे कुठलं पान. स्वरांगी हॉस्पिटलात ड्यूटीवर, जावई वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर मीटिंगमध्ये. मी आपली दहीभाताची मूद मागच्या कुंपणावर ठेवली. इथला कावळा अंगाने मोठा असतो, पाठ राखाडी. आला, शिवला, उडून गेला. त्याला काय माहीत कोणाचे बाबा.

फोन असताना पत्र काऊन, म्हणशील. फोनवर तू नेहमी ओपीडीच्या घाईत असतोस. आणि चार ओळी हाताने लिहिल्याशिवाय मला सांगितल्यासारखं वाटतच नाही, सवय आहे.

इथे पाऊस रोज येऊन राहिला, पण त्याला आवाज नाही. बाहेर गेल्याशिवाय कळतच नाही की पडतोय. पायी कुठे जाण्याची सोय नाही, कोणी गाडीने नेलं तरच. नात शाळेतून येते, माझं मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत देते आणि तेही इथल्या हेलाचं. परवा म्हणाली, साखर प्रेसमध्ये आहे. मी इस्त्री शोधत बसले. प्रेस म्हणजे इथे कपाट.

एक काम मात्र मिळालं आहे. आमच्या शेजारी कॉनल बॉयल नावाचे गृहस्थ राहतात. शहात्तर वर्षांचे, बायको वारलेली, आयुष्यभर बस चालवली. मागच्या आठवड्यात पिशवीभर बटाटे घेऊन आले आणि स्वरांगीला म्हणाले, "डॉक्टर, हॉस्पिटलात गेलो की दर वेळी विचारतात, वडिलांना हृदयाचा त्रास होता का. दर वेळी मी म्हणतो, माहीत नाही. आता एकदा माहीत करून घ्यावं म्हणतो." स्वरांगी घाईत होती. ती म्हणाली, "आईला दाखवा. तिने एकोणचाळीस वर्षं जन्माचे दाखले लिहिलेत."

तर ते दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन आले. पोस्टकार्डाएवढा कागद. नाव, जन्मतारीख, ठिकाण, बस्स. आईबापांचा उल्लेखच नाही. जन्म स्कॉटलंडचा, एप्रिल १९४९. तिथे तेव्हा दोन प्रकारचे दाखले मिळत, एक पूर्ण आणि एक आखूड. आखूड दाखला शाळेत, नोकरीत दाखवायला, म्हणजे कोणाला प्रश्न विचारायची सोय राहत नाही. यांनी जन्मभर तोच वापरला.

या भागातल्या मुली तेव्हा दर उन्हाळ्यात बटाटे काढायला स्कॉटलंडला जायच्या, टोळीने. गोठ्यात पेंढा टाकून झोपायच्या. कॉनलची आई एकोणिसाव्या वर्षी गेली आणि पुढच्या हंगामाअखेर मूल घेऊन परतली. तिचं नाव शीला. मी दोनदा विचारलं, शीलाच. स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. तिने लग्न केलं नाही, बापाचं नाव कधी सांगितलं नाही. गाव म्हणायचं, कोणाचं ते तिला तरी कुठे माहीत असेल.

मी म्हटलं, आपण पूर्ण दाखला मागवू. इथल्या वाचनालयात बसून आम्ही स्कॉटलंडच्या सरकारी साइटवर सूची पाहिली, नाव सापडलं. इतक्या अलीकडच्या जन्माची नोंद घरबसल्या दिसत नाही, नक्कल टपालाने येते. अर्ज मी भरला. कॉनल म्हणाले, "वडिलांचा रकाना रिकामाच असणार, मिसेस."

मी म्हटलं, "असला तरी बघू." असं म्हटलं खरं, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

असो. पदू, एक विचारायचं होतं. तुला लता वानखडे आठवते का? तू इंटर्नशिपला ज्या गावी होतास तिथे बालवाडीत शिकवायची ती. सहज विचारते. वारली ती, तीन वर्षं झाली. कोणीतरी सांगितलं.

मृणालिनीला म्हणावं, यशोधनच्या लग्नाचे रुखवताचे तिळाचे लाडू मी येऊन करीन, दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. माझं परतीचं विमान दोन डिसेंबरचं आहे, लग्न पाचचं, तेवढा वेळ पुष्कळ झाला.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई


लेटरकेनी
२६ ऑक्टोबर २०२५

चि. पद्माकर यास,

अनेक आशीर्वाद. दिवाळी छान झाली असेल. इथे स्वरांगीने चकल्या विकतच्या आणल्या, डब्लिनहून मागवून. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळायला मागच्या अंगणात गेले. चंद्र काही दिसला नाही, मी अंदाजाने पश्चिमेकडे ओवाळलं.

पत्र मिळाल्याचा तुझा फोन आला तेव्हा बरं वाटलं. पण लताबद्दल तू काही बोलला नाहीस. "ताई, तिथे आराम कर, परक्यांच्या भानगडीत कशाला पडतेस," एवढंच म्हणालास आणि मग यशोधनच्या हॉलचं सांगत बसलास. मीही ऐकत बसले. आपलं दोघांचं हे जमतं चांगलं.

कॉनलचा पूर्ण दाखला आला. पाकीट न फोडता ते आमच्याकडे घेऊन आले. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते, हात धुऊन बसले. त्यांनी कागद उलगडला, चष्मा लावून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. "सांगितलं नव्हतं का," म्हणाले. वडिलांच्या जागी काही नव्हतं. खाली माहिती देणाऱ्याची सही होती, शीला बॉयल, आई. अक्षर शाळकरी, पण ठसठशीत.

स्वरांगीनेही पाहिलं आणि म्हणाली, "सॉरी, कॉनल." ते म्हणाले, "ग्रँड, ग्रँड." इथे सगळ्याला ग्रँड म्हणतात, जखम झाली तरी.

मी मात्र समास बघत होते. पदू, एकोणचाळीस वर्षांत मी एक शिकले. नोंदीत पुढे काही फरक झाला की मूळ नोंद खोडत नाहीत, कडेला शेरा मारतात. आणि तिथे शेरा होता. मुंगीच्या अक्षरात. दुरुस्ती नोंदवहीचा खंड, पान, तारीख, नोव्हेंबर १९४९.

मी म्हटलं, "कॉनल, हा रकाना रिकामा राहिलेला नाही. सात महिन्यांनी कोणीतरी तो भरलाय. दुसऱ्या वहीत."

त्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते खुर्चीवर मागे टेकले.

त्या दुरुस्तीची नक्कल परवा आली. तिथला कायदा असा होता की लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या नोंदीत बापाचं नाव घालायचं तर त्याने स्वतः येऊन सही करायला हवी. नाहीतर आईने कोर्टात जाऊन सिद्ध करायला हवं. तिथल्या जिल्ह्याच्या कोर्टाला शेरीफ कोर्ट म्हणतात. शीला कोर्टात गेली होती. बटाटे काढणारी वीस वर्षांची मुलगी, परक्या मुलखात, कडेवर मूल. आणि जिंकली. कागदावर स्वच्छ लिहिलंय, रॉबर्ट केर, शेतावरचा नांगऱ्या, हा या मुलाचा पिता आहे असं कोर्टाला आढळलं.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा कॉनल म्हणाले, "माझ्या लग्नाच्या दिवशी मी आईला विचारलं होतं. दारू प्यालो होतो. म्हटलं, तुला तरी माहीत आहे का तो कोण होता? सगळ्यांसमोर विचारलं."

"मग?"

"म्हणाली, जेव तू. त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याकडे गेलो नाही. तीच रागावली असेल असं मी समजत होतो."

अकरा वर्षांपूर्वी ती वृद्धाश्रमात वारली.

आता त्या खटल्याचे कागद मागवलेत. पंच्याहत्तर वर्षं झाल्यावर ते बघायला मिळतात, नुकतीच झालीत. कॉनल रोज सकाळी पोस्टमनची वाट बघत दारात उभे असतात. मीही खिडकीतून बघते. स्वरांगी म्हणते, आई, तुला काय एवढं त्याचं? तिला मी म्हटलं, जुनी सवय.

पदू, नुसती सवय नाही. तसा रकाना मीही एकदा आडवी रेघ मारून बंद केलाय. सगळ्या नोकरीत एकदाच. कोणासाठी ते तुला ठाऊक आहे.

यावर फोन करू नकोस, लिही. फोनवर आपण हॉलचं बोलू.

तुझी,
ताई


लेटरकेनी
२० नोव्हेंबर २०२५

चि. पद्माकर,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं नाही. फोनही आला नाही. मृणालिनीचा आला, साड्यांचं बोलली, म्हणाली, "हे कामात आहेत." मी हो म्हटलं.

हे पत्र घरी न पाठवता दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे, कुरियरने, वर खासगी लिहून. लग्नाआधी तुझ्या हातात पडावं म्हणून. लग्न होऊन जाऊ द्यावं असं दोन दिवस मनात होतं. मग वाटलं, तसं केलं तर तेही आणखी एक लपवणंच होईल.

कोर्टाचे कागद मागच्या शुक्रवारी आले. एकोणीस पानं. कॉनलच्या डोळ्यांत मोतिबिंदू, ऑपरेशनला नंबर लागलेला नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायचं ठरलं. सकाळी अकराला आमच्या स्वयंपाकघरात बसलो. शीलाने सांगितलं होतं की रॉबर्टने लग्नाचं वचन दिलं होतं. रॉबर्टने सांगितलं, मी हिला नीट ओळखतही नाही, या आयर्लंडच्या पोरी हंगामात कोणाकोणाबरोबर असतात. कोर्टाला नुसता आईचा शब्द पुरत नसे, दुसरा कोणी बोलणारा लागे. ब्रिजेट नावाच्या मुलीची साक्ष झाली. सतरा वर्षांची, शीलाच्याच टोळीतली. ती म्हणाली, मी दोघांना सबंध हंगाम पाहिलं, लग्नाचं तो माझ्यासमोर बोलला. वकिलाने विचारलं, तुला इथे येऊ नको असं कोणी सांगितलं होतं का? तिचं उत्तर तसंच्या तसं टाइप केलंय: "मुकादम म्हणाला, तोंड उघडलंस तर पुढच्या वर्षी काम नाही. मग नाही तर नाही."

मी तिथे थांबले. मला पुढची ओळ दिसेना. कॉनलना वाटलं माझं इंग्रजी अडलं. मग ते म्हणाले, "ब्रिजेट? आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. नव्वदीला गेली. आईच्या मयताला ती माझ्या शेजारी उभी होती. कधी एक शब्द बोलली नाही." ते उठून बाहेर गेले आणि पाऊस पडत असताना पाइप लावून गाडी धुवायला लागले. अर्धा तास धूत होते.

आता माझं लिहिते. तुझंही त्यात आहे.

१८ मार्च १९८६, मंगळवार. लता आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, म्हणून नोंदीला माझ्याच खिडकीवर आली. नऊ दिवसांची ओली बाळंतीण, कानाला फडकं बांधलेलं, सोबत तिची आई. मी सगळ्यांना विचारते तसं विचारलं, वडिलांचं नाव? तिने तुझं नाव सांगितलं. हळू नाही, स्पष्ट. मागे रांगेत चार माणसं होती.

मी म्हटलं, "काही पुरावा?" असं मी त्या खिडकीवर कधी कोणाला विचारलं नव्हतं. लोक सांगत, मी लिहीत असे.

तिने पिशवीतून तुझं पत्र काढलं. मुंबईहून तू लिहिलेलं. तुला आठवत नसेल तर सांगते, मला पाठ आहे. "पोटातलं माझंच आहे, मी नाही म्हणत नाही. दिवाळीला येतो आणि ताईला सांगतो. ताई समजून घेईल." खाली तुझी सही, प ला वेलांटीसारखा फाटा काढतोस ती.

मी म्हटलं, "हे माझ्याजवळ राहू दे. मी बोलते त्याच्याशी. घरातलीच गोष्ट आहे."

तिने दिलं, पदू. एका शब्दाने काही न विचारता दिलं. मग मी रकान्यात रेघ मारली. ती म्हणाली, "मॅडम, ही रेघ काऊन?"

"नियम आहे. नंतर भरता येते."

नियम तसा होता की नव्हता, हे मी पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

संध्याकाळी तुझ्या होस्टेलवर ट्रंककॉल लावला. तू म्हणालास, "ताई, माझा काही संबंध नाही. ती खोटं बोलते." तुझं पत्र तेव्हा माझ्या मांडीवर होतं. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, असं तुला चाळीस वर्षं वाटत असेल. नाही ठेवला. मी फक्त बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्र आंघोळीच्या बंबात टाकलं.

कारणं मी तेव्हा मनाशी पुष्कळ सांगितली. बाबा गेल्यावर तुला मी वाढवलं. तुझं एमडीचं पहिलंच वर्ष होतं. मृणालिनीकडची बोलणी सुरू होती. एक कारण मी मनातही मोठ्याने म्हटलं नव्हतं, ते आज लिहिते. मुलगी आपल्यातली नव्हती.

ती नंतर तीनदा आली. तिसऱ्या वेळी मी शिपायाकडून सांगवलं, मॅडम रजेवर आहेत. मी रेकॉर्डच्या कपाटामागे उभी होते. तिच्या चपलांचा आवाज जिना उतरेपर्यंत ऐकला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, लता वारल्याचं कोणीतरी सांगितलं. कोणीतरी म्हणजे तिची मुलगी. केतकी. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती माझ्या घरी आली होती. तो दाखला घेऊन. अमरावतीला शाळेत गणित शिकवते. म्हणाली, "आई जाताना म्हणाली, नाव मी एकदा खिडकीवर सांगितलं, पुन्हा सांगणार नाही. चिठ्ठी त्या वृंदा मॅडमजवळ आहे, त्यांना विचार."

मी तिला म्हटलं, "बाई, रोज किती लोक यायचे. मला काही आठवत नाही."

तिने समोरचा पेला उचलला. पाणी प्यायली. टेबलावर बिजलीचं जुनं बिल होतं, त्याच्या मागे स्वतःचा पत्ता आणि नंबर लिहिला आणि म्हणाली, "आठवलं तर." दारातून निघताना तिने मला नमस्कार केला. वाकून. मी पाय मागे घेतला नाही, पदू. मी तिला आशीर्वादही दिला.

हे सगळं मी सगळ्यांत आधी कॉनलना सांगितलं. सोमवारी ते मला बाजारात घेऊन निघाले होते. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली आणि मी बोलले. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या पत्रावर त्याची सही होती?"

"होती."

"आणि तुम्ही जाळलंत."

"हो."

ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "माझ्या आईला ब्रिजेट मिळाली. तुमच्या त्या मुलीला तुम्ही मिळालात."

एवढंच. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस आहे, आपण त्याच्यासाठी एवढं केलं, काहीतरी मऊ बोलेल. नाही बोलले. त्या दिवसापासून चहाला आले नाहीत.

मी स्वरांगीला सांगितलं, मला इथल्या वकिलासमोर शपथेवर लिहून द्यायचं आहे. तिने माझा इंग्रजी मसुदा वाचला, दोन स्पेलिंगं सुधारली आणि उठून भांडी घासायला लागली. मशीन असताना हाताने. पाठमोरीच म्हणाली, "मला एकोणचाळीस वर्षांची मामेबहीण आहे. तुझ्या घरी येऊन गेली ती. आणि तू तिला आठवत नाही म्हणालीस." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी तिला दोष देत नाही.

बुधवारी वकिलाकडे जायचं होतं. स्वरांगीला ड्यूटी होती. दार वाजलं तर कॉनल, हातात किल्ली. मी न्यायला सांगितलं नव्हतं, स्वरांगीने सांगितलं असेल. त्यांनी मला नेलं, बाहेर गाडीत बसून राहिले. आत मी शपथ घेतली. लता वानखडेने माझ्यासमोर कोणाचं नाव सांगितलं, पत्रात काय होतं, मी काय केलं, सगळं. तीन पानं, प्रत्येक पानावर सही. परत येताना कॉनल एकच वाक्य बोलले, "दुकानातल्या पेटीत टाकू नका, मोठ्या पोस्टात द्या. तिथे पावती देतात." आणि मला पोस्टाच्या दारात सोडलं.

तर ते कागद कालच केतकीकडे रवाना झालेत. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मी पुन्हा बरं म्हटलं असतं.

तू हे सगळं नाकारू शकतोस. माझ्या शब्दाशिवाय तिच्याजवळ काही नाही, ते मीच करून ठेवलंय. आता रक्ताच्या तपासण्या असतात, ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. ती मागेल की नाही, मला माहीत नाही. मृणालिनीला काय सांगायचं ते तू ठरव, पण तिला ते दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. यशोधनचं मला वाईट वाटतं. त्याचा यात काहीच दोष नाही. केतकीचाही नव्हता. मी तीन तारखेला घरी पोचेन. लग्नाला येऊ नको असं वाटलं तर कोणाकडून निरोप पाठव, मी येणार नाही, मनात काही ठेवणार नाही.

आज सकाळी केतकीला फोन केला. त्या बिलाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. तिकडे दुपार, शाळेची मधली सुट्टी असावी, मुलांचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, "मी वृंदा, जन्मनोंदणीच्या खिडकीवरची. मला आठवलं." आणि लगेच म्हटलं, "नाही, विसरले नव्हतेच. खोटं बोलले होते."

तिकडचा गलका एकदम बंद झाला. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "थांबा, पेन घेते." आणि म्हणाली, "पूर्ण नाव सांगा. आडनावासकट."

मी सांगितलं. पद्माकर त्र्यंबक साल्पेकर. तिने लिहून घेतलं, एकेक शब्द परत म्हणून. बाबांचं नाव म्हणताना ती जरा अडखळली, त्र्यंबक नीट लिहिता आलं का विचारलं.

मग म्हणाली, "मी आहे, हे त्यांना माहीत आहे का?"

मुलगा झाला की मुलगी, जगलं की गेलं, हे तू चाळीस वर्षांत मला एकदाही विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "आज कळवते."

म्हणून कळवते. तुला मुलगी झाली. ९ मार्च १९८६, रविवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. वजन दोन किलो सहाशे. नाव केतकी.

या पत्राचं उत्तर मला लिहू नकोस. तिला लिही.

वृंदा

केतकी लता वानखडे
गणेश कॉलनी, दुसरी गल्ली, शाळेमागे
अमरावती